सातव्या दिवसाची सही

सही माझीच होती, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे सोमेश्वरला शिव्या द्यायला मी मोकळी.

आमच्या गावच्या युवक मंडळाने सव्वीस जानेवारीनिमित्त सात दिवसांचं श्रमदान ठरवलं. सहा दिवस गावातल्या सहा गल्ल्या आणि सातव्या दिवशी आमची बौद्धवस्ती. सोमेश्वर मंडळाचा अध्यक्ष, कॉलेजात माझ्याच वर्गातला. आमच्या दारापुढची नाली तुंबली की पाणी रस्त्यावर येतं. दिवाळीच्या तोंडावर माय तिथंच घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तो हात अजून वाकडाच आहे. सोमेश्वर घरी आला, त्याने तो हात पाहिला आणि म्हणाला, "मावशी, झेंडा झाला की सगळं मंडळ इथंच. नालीवरच्या फरश्या उचलायला आमचा ट्रॅक्टर आणतो."

मी पाघळले. वस्तीतली बारा पोरंपोरी गोळा करून नेली. सहा दिवस आम्ही त्यांच्या गल्ल्यांतला गाळ उपसला. हजेरीचा कागद सोमेश्वरकडे असायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "रोज चिखलाच्या हातानं कागद खराब व्हतो. सातही दिवसांच्या सह्या आजच करून टाका." सगळ्यांनी केल्या. मीही सात वेळा नाव लिहिलं, तेही ठसठशीत.

सव्वीसला झेंडावंदन झालं. तालुक्याहून पाहुणे आले होते. सोमेश्वरने अहवाल वाचला: सातही ठिकाणं पूर्ण. मला वाटलं, गडबडीत चुकला असेल. मग शाळेच्या भिंतीवर लावलेले फोटो पाहिले. 'बौद्धवस्तीतील नाली' असं लिहिलेल्या फोटोत फावडं घेऊन मीच हसत होते. तो फोटो मारुतीच्या पारासमोरचा, बुधवारचा. मला काही सुचायच्या आत पाहुण्यांनी माझं नाव पुकारलं आणि हातात प्रमाणपत्र दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर जिलेबी वाटणाऱ्या सोमेश्वरला मी गाठलं.

"ट्रॅक्टर कुठं हाय?"

"पोरं थकली गं. आन् आता काहून? तुझा फोटो बराबर आला ना?"

"नाली तुंबलेलीच हाय, सोमेश्वर."

"कागदावर झाली की. तुझीच सही हाय."

हे तो कुजबुजला नाही. जिलेबी चावत, हसत बोलला. गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. इथं तर वैद्याच्या मरणाच्या दाखल्यावर वैद्याचीच सही घेतली होती. कागद मागावा म्हटलं, तर तो पाहुण्यांच्या फायलीत तालुक्याला निघून गेला होता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी मायने अंगण सारवून ठेवलं होतं. वाकड्या हाताने कांदा चिरून तिने तीस जणांचे पोहे केले होते.

"पोरं कधी येऊन राहिली?"

"न्हाई येणार."

तिने माझ्या हातातलं प्रमाणपत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "काय लिहिलंय ह्याच्यावर?"

मी वाचून दाखवलं. वस्तीतली नाली साफ केल्याबद्दल. मग सह्यांचंही सांगितलं, लपवून काय करणार होते?

माय अंगणात जमलेल्या आमच्या बारा जणांना पोहे वाढायला उठली.

"मी अंगठेबहाद्दर बाई," माझ्या ताटलीत पोहे घालत ती म्हणाली, "पर काम व्हायच्या आधी मी कुठंच अंगठा दिला न्हाई, लेकरा."