आरसा चांगला हाय

"पावर बघून दुर्बिणीचा आयपीस घेणारा फसतो," नाना पोह्यांची बशी बाजूला सारत म्हणाले. "पावर काय, कितीबी वाढंल. उजेड थोडाच वाढतो? ताऱ्यांमधला अंधूक ढग बघायचा तर काळं आकाश पायजे अन् काच चोख पायजे."

"मग घ्या ना चोख," मी म्हटलं. मला शाळेत शिकवायला पोचायचं होतं.

"घ्या ना म्हणती! आयपीस म्हंजी काय पोळपाट हाय का, नाय जमला तर दुसरा आणला? एकदाच घ्यायचा. आपण गेल्यावरबी टिकतो तो."

नाना म्हणजे माझे सासरे, सांडू ठोंबरे. मूळचे वैजापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. वाळूजच्या कंपनीत टूलरूममध्ये सगळी नोकरी काढली, आता पुंडलिकनगरला आमच्याजवळ असतात. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आमच्या नानांनी दुर्बीण केली. केली म्हणजे खरोखर हातानं केली. बजाजनगरच्या जुन्या घराच्या गॅलरीत पिंपावर जाड काच ठेवून ती दुसऱ्या काचेवर घासत, पिंपाभोवती फिरत, त्यांनी आठ इंचाचा आरसा घडवला. पुण्याहून त्यावर मुलामा चढवून आणला. मग नळी, प्लायवूडचं खोकं आणि ती फिरवायची बैठक. मी लग्न होऊन आले तेव्हा घासण्याचं काम जोरात चाललं होतं. नाना घासत आणि सासूबाई बाजूला बसून काचेवर पाणी आणि घासायची पूड सोडत. पूड जास्त पडली की नाना ओरडत आणि कमी पडली तरी नानाच ओरडत. असा संसार मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुर्बिणीचा आरसा उजेड गोळा करतो आणि आयपीस तो डोळ्यापर्यंत पोचवतो. आरसा उत्तम होता, पण आयपीस होते कुठूनतरी जमवलेले, साधे. म्हणून आता एकच, पण खरा चांगला आयपीस घ्यायचा होता. नानांचा जीव नऊ मिलिमीटरच्या, जास्त मोठं दाखवणाऱ्या एकावर जडला होता. शौरी नावाच्या तारकासमूहातला तारकागुच्छ त्यांना दाण्यादाण्यानं फुटलेला बघायचा होता. हे स्वप्न आरशाइतकंच जुनं होतं. शनिवारी मागवायचा, असं ठरलंही होतं.

आणि माझ्या पोटात एक गोष्ट होती, जी मला सांगता येत नव्हती.

झालं असं, की त्याच आठवड्यात शेजारच्या चंपाबाई आल्या होत्या. सासूबाई त्यांच्यापुढे दुर्बिणीचं कौतुक करत होत्या. "तिकांडाच्या खाली ते कडं दिसतं ना, लई झाक दिसतं," असं म्हणाल्या. तिकांडं म्हणजे मृगातले ते ओळीतले तीन तारे, आमच्याकडे शेतातली माणसं त्यावरून रात्र किती उरली ते सांगायची. त्याच्या खाली आहे तो तेजोमेघ, नाना ज्याला ढग म्हणतात. कडं आहे शनीला. चंपाबाईंना काय फरक पडणार होता? पण मी भाजी निवडता निवडता थांबले.

त्या गेल्यावर मी विचारलं, "आई, तुम्हाला दुर्बिणीतनं नक्की काय दिसतं हो?"

सासूबाईंनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चुलीत वलं लाकूड घातल्यावर दिसतं ना, तसं. धूर."

"आणि तारे?"

"तारे व्हय. फिसकटलेले."

"मग इतकी वर्षं 'दिसलं, लई छान' कामून म्हणता?"

"न्हाय म्हटलं तर हे काय करतील, तुला ठावं नाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाटंल आरशात खोट हाय. उद्या परत पिंप मांडून घासाया बसतील. गुडघे ऱ्हायलेत का आता ह्यांचे? तू बोलायचं नाय. माझी शपथ हाय तुला."

मी शपथा मानत नाही, पण सासूबाईंची मानते. ही बाई नानांशी कधी लाडानं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि नवऱ्याचे गुडघे वाचावेत म्हणून ती वर्षानुवर्षं थंडीत उभी राहून धुराला छान म्हणत होती. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, एकदमच.

आता प्रश्न असा, की चष्मा काढूनच बघावा लागणारा नऊचा आयपीस एकदा घरात आला की सासूबाईंच्या वाट्याला कायमचा धूर. नानांना सांगावं तर शपथ मोडते आणि त्यांचं मनही. सगळ्या गावाला काचांचं ज्ञान देणाऱ्या माणसाच्या घरात हे दिव्याखाली अंधार! शेवटी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. नानांच्या आकाश बघणाऱ्या मंडळातल्या नीरजाताईंना फोन केला आणि म्हटलं, "घेण्याआधी नानांना दोन-तीन आयपीस लावून बघू द्या ना. चष्मेवाल्यांना चालेल असा एखादा असला तर तोही आणा." नीरजाताई स्वतः जाड चष्मा लावतात. कोणासाठी, असं त्यांनी विचारलं नाही.

शनिवारी दिवस मावळायच्या आत आम्ही वैजापूरजवळच्या आमच्या शेतात पोचलो. जानेवारीची अमावास्या होती. कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्या उभ्या होत्या. शेताची लाईट नव्हती, त्यामुळे अंधार पडला तो अगदी नानांना हवा तसा पडला. सासूबाई स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशा खुर्चीत बसल्या होत्या.

नीरजाताईंनी मृगातल्या ढगावर नेम धरून आधी नऊ मिलिमीटरचा लावला. नाना वाकले आणि लहान मुलासारखे हसले. "आहाहा! पोरी, ह्यो बघ. ढगाच्या मधले चार तारे कसे टाचणीनं टोचल्यागत!" मग सवयीनं हाक मारली, "ये गं, बघ. चष्मा काढ."

सासूबाई उठल्या, चष्मा काढला, वाकल्या, लगेच सरळ झाल्या. "दिसलं. लई छान."

मी अंधारात ओठ चावला.

मग नीरजाताईंनी दुसरा काढला. तांब्याएवढा जाडजूड आयपीस, वरची काच चांगली रुंद. तो लावून त्या स्वतः नेम बघायला वाकल्या, चष्म्यासकट. सासूबाई टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

"चष्मा घालूनबी चालतंय व्हय?"

"ह्याच्यात चालतं काकू. ह्याला डोळा अगदी चिकटवावा लागत नाही. साधा नंबर असला तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. पण सिलिंडरचा नंबर असला, म्हणजे बुबुळच थोडं वाकडं असलं, तर फोकसनं काही होत नाही. माझा तसाच आहे."

"माझाबी सिलिंडरचाच हाय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तुझा चष्मा घासंल काचेला," नाना म्हणाले.

"घासू द्या. तुम्ही तर महिनोन् महिने काच घासली."

त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि वाकल्या. आम्ही 'दिसलं, लई छान'ची वाट बघत होतो. ते आलं नाही. सासूबाई हलल्याच नाहीत. नीरजाताईंनी थर्मासमधला चहा ओतून दिला, तो आम्ही पिऊनही संपवला. नाना एकदा खाकरले.

"आगं बया," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "पिंजल्याला कापूस हाय ह्यो. अन् त्याच्यात सरकी ऱ्हायल्यागत चार दाणे. चमकायलेत."

नाना खुर्चीजवळ सरकले.

परत बराच वेळ गेला. मग त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "अहो, कडंला गेलं ते. गेलं बघा. सरकवा की!"

आकाश फिरतं, त्यामुळे न हलवलेल्या दुर्बिणीतनं प्रत्येक गोष्ट हळूहळू निसटत जाते. बघणाऱ्याला नळी सरकवावी लागते. हे नानांनी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं. आणि पाहुणे ओरडायचे, काका, गेलं. सासूबाई कधीच ओरडल्या नव्हत्या.

नानांचा हात नळीपर्यंत जाऊन तिथंच थांबला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी तुटतंय, आणि ते मीच घडवून आणलं.

"इतक्या वर्सांत," ते म्हणाले, "तू एकदाबी सरकवा म्हणाली नाय."

सासूबाईंनी शाल घट्ट ओढली.

"आवडे, आरशात काय खोट..." नाना पुटपुटले.

"आरसा चांगला हाय!" त्या एकदम म्हणाल्या, डोळा तसाच ठेवून. "पयल्यापासनं चांगला हाय. माझाच डोळा वाकडा. तुम्ही सरकवा आधी."

नानांनी दोन बोटांनी नळी सरकवली, अगदी थोडी.

"आलं?"

"आलं."

"पूड तूच सोडायचीस," नाना म्हणाले. "नीट सोडायचीस. मी उगाच वरडायचो."

मला वाटतं, त्या दोघांमधलं मी ऐकलेलं लाडाचं बोलणं ते एवढंच.

नीरजाताईंनी नऊचा आयपीस डबीत ठेवता ठेवता विचारलं, "काका, मग हाच सांगू ना? नऊचा?"

नानांनी त्या डबीकडे एकदा बघितलं. शौरीतला तो तारकागुच्छ, दाण्यादाण्यानं फुटणारा, त्या डबीत होता. "नको," ते म्हणाले. "तो जाडा सांगा."

"आणि तुमचा गुच्छ?" मी न राहवून विचारलं.

"दिसतोय की जुन्यात. बारीक दिसतोय. चालतंय."

लांब कुणाच्या तरी वस्तीवर कुत्रं भुंकून गप्प झालं. तिकांडं वर चढत होतं. सासूबाई मफलर मागे टाकून वाकून बघत होत्या आणि नाना शेजारी उभे राहून मधूनमधून नळीला बोट लावत होते.

"दिसतंय?" त्यांनी एकदा विचारलं.

सासूबाईंनी ऐकलंच नाही. नानांनी परत विचारलं नाही. नुसती नळी सरकवत राहिले. त्या रात्री जाड्या आयपीसमधून बघायची त्यांची स्वतःची पाळी काही आली नाही.