गव्हर्नर कुणी आवळला

घरातल्या माणसांवर चिडायला मला कारण लागत नाही, असं आमची वहिनी म्हणते. या वेळी कारण होतं, आणि ते शेडमध्ये उभं राहून हेलकावे खात होतं.

आमचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा. मळणीच्या दिवसांत तो जागचा हलत नाही. त्याच्या पुलीवरून एक लांब पट्टा मळणी यंत्राला जातो आणि इंजिनाच्या जोरावर यंत्राचा ड्रम फिरतो. ड्रमच्या तोंडाशी उभं राहून गव्हाच्या पेंढ्या आत सारायचं काम वहिनीचं. दोन पेंढ्यांच्या मधे ड्रम क्षणभर रिकामा होतो, भार गेला की इंजिन उधळायला बघतं. त्याला तिथल्या तिथे आवरायचं काम गव्हर्नरचं. इंजिन पळायला लागलं की तो एका दांडीने कार्बोरेटरची झडप मिटतो, मंदावलं की उघडतो. त्याने दगा दिला तर ड्रम नको तितका फिरतो, त्यावरचे लोखंडी दांडे सुटू शकतात, आणि सुटलेला दांडा समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

मी शहरात पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. इंजिन घों करून चढतं, पडतं, पुन्हा चढतं, असा दादाचा फोन आला आणि मी रजा टाकून आले. आल्या आल्या इंजिन चालू केलं आणि गव्हर्नरची दांडी बोटांनी घट्ट धरून ठेवली. इंजिन लगेच एका लयीत आलं. म्हणजे कार्बोरेटरचा गुन्हा नव्हता, खोड गव्हर्नरकडेच होती. उघडून बघितलं तर दांडीची पिन झिजलेली आणि जोड गंजून आखडलेला. पिन बदलली, जोड घासून तेल दिलं, स्प्रिंगचा स्क्रू हवा तेवढाच आवळला. संध्याकाळपर्यंत इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी चालू केलं आणि ये रे माझ्या मागल्या. उलट आणखी वाईट, कारण आता हेलकाव्यांबरोबर वेगही वाढला होता. मी बंद करून वाकून बघितलं. स्क्रू अगदी शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला, आणि ताणून ताणून स्प्रिंगचे वेढे उघडे पडलेले. अशी स्प्रिंग ना धड ओढते ना धड सोडते. नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम दादाचं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याला लहानपणापासून सगळ्याची घाई. वेग वाढवला की मळणी लवकर उरकते, एवढंच त्याचं गणित. तो ओट्याशी उभा राहून चहा पीत होता. मी वहिनीसमोरच त्याची बिनपाण्याने केली. बायकोचा जीव घेऊन मळणी उरकायची आहे का, असं विचारलं. उंटावरचा शहाणा म्हटलं. एकाला दोन सुनावणारा माणूस, पण आज कपातच बघत राहिला.

"मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाला.

मग पाना काय पायांनी चालत आला का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाली, जाऊ द्या ताई, उन्हं चढायच्या आत सुरू करू. हातमोजे चढवून ती निघालीसुद्धा. तिचा तो विश्वास बघून मी आणखीच पेटले.

पिशवीत त्याच मापाची एक नवी स्प्रिंग होती. ती बसवली, स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि हात धुवायला नळावर गेले. परत येते तो काय, आप्पा गव्हर्नरवर वाकलेले आणि हातात पाना.

आप्पा आमचे वडील. पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं. मला बघून ते दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. चोरी पकडली गेल्याचा भावच नव्हता चेहऱ्यावर.

"कालही मंद चालला. शीळ आलीच नाही," ते म्हणाले.

आमच्या घरात इंजिनाचा वेग मोजायला मीटर कधी आला नाही. ड्रम बरोबर वेगात आला की बारीक शीळ घालतो. ती येईपर्यंत स्क्रू आवळायचा आणि आली की पाना खिशात टाकायचा, ही आप्पांची रीत. मलाही त्यांनी हेच शिकवलं आणि मी आजही तेच करते. त्यामुळे आणखी चीड आली. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. वर्कशॉपमध्ये जाऊन माझा हात बिघडला, दादाला तर हातच नाही, आणि हल्ली आम्ही दोघं मिळून यंत्र पेंगत चालवतो, असं त्यांनी ऐकवलं. मी दातओठ खात म्हटलं, चालवूनच बघू. काय ते सगळ्यांसमोर होऊ दे.

वहिनीला ड्रमपासून लांब उभं केलं. स्क्रू जागेवर आणला, दादाने पट्टा चढवला आणि मी इंजिन चालू केलं. कुठे हेलकावा नाही की धाप नाही. ड्रमने हळूहळू वेग घेतला, आणि शीळ आली. बारीक, स्वच्छ, नेहमीसारखी. वहिनीने मान डोलावली. मी मोठ्या ऐटीत आप्पांकडे वळले.

ते मान तिरकी करून उभे होते, पाना तयार ठेवून.

"कुठाय?" ते म्हणाले. "आवळ अजून."

आपलंच घोडं पुढे दामटतायत, असं वाटून मी भांडायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. ते हट्ट करत नव्हते. ते खरंच वाट बघत होते. शीळ कानाशी वाजत होती आणि हा माणूस तिची वाट बघत होता.

"आप्पा, वाजतेय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग दादाकडे, मग वहिनीकडे. पाना धरलेला हात खाली आला.

"मागच्या हंगामातही वाजत होती?"

दादाने तोंड फिरवलं, आणि ते मी बघितलं.

"तुला माहीत होतं," मी त्याला म्हटलं.

मग तो भडाभडा बोलला. आप्पांना बारीक आवाज ऐकू येत नाही, असा मागच्या हंगामापासून संशय होता. ते त्यांना तोंडावर सांगायची छाती झाली नाही. ते आवळायचे, तो गुपचूप सैल करायचा. मला बोलावलं ते यासाठीच, की कधीतरी मी त्यांना पकडेन आणि जे बोलायचं ते मी बोलेन. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या घराला ठाऊक. म्हणजे साप मारायला माझी काठी, आणि हा चहा पीत उभा! मी काही बोलणार तेवढ्यात वहिनीने पुढे होऊन इंजिन बंद केलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि मला तिथे उभं केलंत?"

दादा म्हणाला, अगं, मी सकाळी सैल करायचो की.

"रोज?"

आज सकाळी स्क्रू आवळलेलाच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीने हातमोजे काढले आणि त्याच्या हातात दिले.

"आता तुम्ही उभे राहा."

वहिनीचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही, आणि तेव्हाही तो चढलेला नव्हता. दादाने मोजे घातले आणि ड्रमच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. ती गंजीकडे गेली आणि पेंढ्या उचलून त्याच्या पुढ्यात टाकायला लागली, हातात न देता, नुसत्या टाकायला.

आप्पांनी पाना माझ्यापुढे धरला. मी घेतला. दोन शब्द बरे बोलावेत असं मनात आलं, पण राग अजून गेला नव्हता. आणि वहिनीच्या जागी मी असते तर, हेच डोक्यात फिरत होतं.

"आली की मला हात कर," आप्पा म्हणाले.

मी इंजिन चालू केलं, आणि थोड्या वेळाने हात वर केला. आप्पांनी मान हलवली. ड्रमपाशी दादा एकेक पेंढी आत सारत होता, आणि वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती.