तिच्याकडे तोंड करून

मित्रांनो, गाण्याच्या कार्यक्रमात गाणाऱ्याच्या पायाशी एक काळी, तिरकी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिची पाठ तुमच्याकडे असते. ती पेटी म्हणजे मी. मला मॉनिटर म्हणतात. मोठे स्पीकर तुमच्यासाठी असतात, मी फक्त गाणाऱ्यासाठी. त्याचा आवाज त्याला ऐकवायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे इतकी वर्षं मंचावर काढूनही मी प्रेक्षक एकदाच पाहिले. रोज पाहिलं ते तिला, माझ्यासमोर उभं राहून गाणारीला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लायवूडच्या फळ्या जोडल्या, आत कागदाचा गोल पडदा बसवला, वर लोखंडी जाळी ठोकली. आधी मी एका सभागृहात होतो. भाषणं ऐकून ऐकून माझा पडदा फाटला, असं तिचा नवरा म्हणायचा. त्यानेच मला तिथल्या अडगळीतून घरी आणलं. फाटलेल्या जागी पातळ कागद आणि डिंक लावला. तेव्हापासून खालच्या एका सुरावर मी थोडा थरथरतो.

"नवा पडदा घालतो," तो म्हणाला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "कोणीतरी माझ्याबरोबर गुणगुणतंय असं वाटतं."

ती स्वतः गाणी लिहायची, चाली लावायची आणि गिटार घेऊन गायची. चाली लोकगीतांसारख्या साध्या होत्या, पण आवाज पोटातून यायचा. गाणं संपलं की माझ्या पाठीमागून नाक ओढल्याचे आवाज ऐकू यायचे. मग टाळ्या. त्या माझ्यासाठी नसायच्या, पण मला चालायचं.

गाताना ती चपला काढून ठेवायची आणि उजव्या पायाचा अंगठा माझ्या कडेवर टेकवायची. सूर वर गेला की अंगठा उचलला जायचा. समोर, प्रेक्षकांच्या मागे, तिचा नवरा मिक्सरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसायचा. मंचावरून बोलता येत नाही, म्हणून त्यांची एक खूण होती. तिने बोट वर केलं की तो माझा आवाज वाढवायचा. खाली केलं की कमी करायचा. "घरचा मिक्सर माझ्याकडे, इथला यांच्याकडे," ती लोकांना सांगायची. "पण झाकण उडतं ते नेहमी यांच्याच हातून!"

बऱ्याच वर्षांनी तिचा नवा अल्बम आला. घरातल्याच खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून तो रेकॉर्ड केला होता. नाव होतं 'उजेडी घरी ये'. लहानपणी अंधार पडायच्या आत तिने परतावं म्हणून तिची आई दारातून अशी हाक मारायची. त्या गाण्याची शेवटची ओळही हीच, लांब ओढलेली, आणि ती एका श्वासात म्हणायची. ओळ संपेपर्यंत तिचा अंगठा हवेतच असायचा.

अल्बम घेऊन आम्ही दौऱ्यावर निघालो. व्हॅन नवरा चालवायचा. मागे मी, पेट्या, वायरी आणि बेस गिटार वाजवणारा लंबू. त्याचे पाय कुठेच मावायचे नाहीत, म्हणून ते माझ्यावर असायचे.

पहिली काही गावं छान गेली. मग तिचं बोट वर जाऊ लागलं. आधी कार्यक्रमात एकदा, मग प्रत्येक गाण्यात.

"मला मी ऐकूच येत नाही," ती म्हणायची.

"वाढवलाय की," नवरा म्हणायचा.

"वहिनी, अजून वाढवलात तर माझा बेस मलाच फोन करून विचारावा लागेल," लंबू म्हणायचा.

नवऱ्याने मला उघडलं. वायर बदलली, सांधे पुन्हा जोडले, पडद्यावर हात फिरवला. कामाचा माणूस तो. आवाज कमी येतोय म्हटलं की यंत्रात बिघाड शोधायचा, हेच त्याने आयुष्यभर केलं होतं.

"म्हातारा झालाय हा. फेकायला हवा," तो म्हणाला.

"त्याला कशाला बोलता? त्याचं काही चुकत नाहीये," ती म्हणाली. तेव्हा तिने माझ्यावर हात ठेवला होता. हात गार होता.

मित्रांनो, मी धडधाकट होतो. मला सगळं ऐकू येत होतं. शेवटची ओळ आता मधे तुटायची. 'उजेडी' म्हटल्यावर ती श्वास घ्यायची, मग 'घरी ये'. अंगठा वर जाणं थांबलं. ती सबंध पाऊल माझ्यावर टेकवून, तोल सावरून उभी राहू लागली. पण माझ्यात जे येतं तेवढंच मी बाहेर सोडू शकतो. स्वतःचा एक शब्दही मला काढता येत नाही.

एका मोठ्या सभागृहात नवऱ्याने आवाज इतका वाढवला की मी कर्कश शिट्टी मारली. लोक हसले. मध्यंतरात त्याने मला ओढून बाजूला नेलं आणि सभागृहाचा कोरा करकरीत मॉनिटर तिच्या पायाशी लावला. मी मंचाच्या कडेला, पडद्याआड उभा होतो. तिथून मला पहिल्यांदा प्रेक्षक दिसले. पण मी तिच्याकडेच बघत होतो.

तिने पहिली ओळ गायली आणि बोट वर केलं.

नवऱ्याने बटणाकडे हात नेला. मग तो थांबला. नव्या मॉनिटरकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. मिक्सर तसाच सोडून, रांगांमधून वाट काढत तो मंचापाशी आला. त्याला तिथे बघून तिने गाणं थांबवलं.

"बघा," ती हळूच म्हणाली. "त्याचं काही चुकत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"वाटलं, दौरा संपला की बघू."

दौरा तिथेच संपला. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली. मला व्हॅनमधून उतरवताना नवरा लंबूला म्हणाला, "इतके दिवस लक्षात कसं आलं नाही, असं डॉक्टर विचारतात. काय सांगू? मॉनिटर बिघडलाय असं वाटलं म्हणून?" लंबूने माझी दुसरी बाजू धरली.

झाडांना नवी पानं आली तेव्हा ती गेली.

आता मी मागच्या खोलीत आहे. जाळीवर धूळ आहे. गिटार पुसली जाते, अल्बम लोक मागून नेतात. मला कोणी मागत नाही.

मित्रांनो, घरात कोणी म्हणालं की आज मला जमत नाहीये, तर वायरी नंतर तपासा. आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

परवा दुपारी तिच्या नवऱ्याने मला पुसलं आणि मिक्सर टेबलावर ठेवला. दौऱ्यात रेकॉर्ड झालेला तिचा नुसता आवाज माझ्यातून लावला. मग चपला काढून, ती उभी राहायची तिथे, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शेवटच्या ओळीत 'उजेडी' म्हणून तिने श्वास घेतला. मला रोज ऐकू यायचा तोच. त्याने तो पहिल्यांदा ऐकला.

तो आणखी नीट ऐकू यावा म्हणून त्याने बोट वर केलं. बराच वेळ वर धरलं. समोर मिक्सरवर कोणी नव्हतं.