शहाण्णवाव्या पानावरचा निळा दोरा

मी एक जुनी कादंबरी आहे. 'मंगळावरची पलटण', भाग दुसरा. मित्रांनो, खरं सांगते, मी बेताचीच. नाव कमावलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे पहिल्या भागानं. तिच्या शेवटी सुभेदार धर्मा एकटा मागे राहून मरतो, तेव्हा वाचणारे रडले होते. माझं मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मुखपृष्ठावर तीन रॉकेटं आणि आत पानोपानी बंदुकांची वर्णनं.

१९९१ साली सिल्वासाच्या बस स्टँडवरून बारकूनं मला नरोलीच्या खोलीत आणलं. तिथे दोघांत एकच खाट होती. दिवसपाळीचा बारकू उठला की रात्रपाळीचा झिपरू तिच्यावर आडवा व्हायचा. दोघंही धुळ्याकडचे, सुताच्या कारखान्यात कामाला. भेट व्हायची ती दारातल्या दारात, आणि बोलणं माझ्यावरून. झिपरू जिथवर वाची, तिथे निळा दोरा ठेवी. त्याच्यापुढे बारकूनं जायचं नाही, असा करार होता.

माझ्यात पलटणीला सुभेदाराच्या बुटांचे ताजे ठसे दिसू लागतात. झिपरू चिडला. "मेलेला मानूस परत येतो का रे भो? थट्टा लावलीये लेखकानं!" तरी दोरा त्यानं शहाण्णवाव्या पानापर्यंत नेला.

त्याच संध्याकाळी कामावर जाताना ट्रकनं त्याला उडवलं.

पुढे कित्येक दिवस बारकू उठल्यावर चादर झटकायचा, उशी सरळ करायचा आणि दाराकडे बघत बसायचा. मला उघडायचा, दोरा पाहून मिटायचा. दिवसभर रिकाम्या खाटेवर मी एकटी. माझ्या पानावर झिपरूच्या तेलकट अंगठ्याचा डाग होता. आता कुणीतरी पान उलटेल, असं वाटून मला भीती वाटायची.

महिन्याभरानं झिपरूची बायको कमळाबाई त्याचं सामान न्यायला आली. मला पाहून म्हणाली, "सुट्टीत आले की याचंच सांगायचे. भाऊ, तो सुभेदार आला का मंग परत?"

बारकूला ते ठाऊक नव्हतं. सांगायचं तर करार मोडावा लागणार होता. त्यानं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पुढचं मला ठाऊक होतं. सुभेदार तंबूत येतो, शिरस्त्राण खुंटीला अडकवतो आणि विचारतो, "माझी खाट कुणाला दिली?"

बारकू थांबला. "कुनालाच नाही रे भो," तो पानाकडे बघत म्हणाला.

कमळाबाईनं पदर तोंडाशी धरला. "पुन्हा वाचा," ती म्हणाली. "तेवढंच."

मित्रांनो, त्यापुढे मला कुणी वाचलं नाही. मी बारकूच्या ट्रंकेत आहे. कधी हाती लागले तर धूळ झटका, हवी तेवढी नावं ठेवा. तो दोरा मात्र हलवू नका. झिपरूचं वाचून व्हायचंय अजून.