शेरा: वस्ती नाही

मोजणीदार निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. दुपारी दार वाजलं तेव्हा ते बनियनवरच उघडायला गेले. बाहेर एक वकीलबाई आणि त्यांच्या मागे काठी टेकत उभी असलेली म्हातारी.

"ताप उतरला का रे तुझा?" म्हातारीने विचारलं.

मोजणीदारांनी तिला निरखून पाहिलं आणि शर्ट घालायच्या निमित्ताने आत पळाले. डोंगरावरचे लोक जिला थोरली म्हणत, ती हीच. तिथली मोजणी करून एकेचाळीस वर्षं झाली होती.

वकीलबाईंनी टेबलावर नकाशाची नक्कल पसरली. डोंगर खाणीला द्यायचं ठरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या जमिनीला कायद्याचं संरक्षण होतं. पण आपण तिथे राहत होतो हे त्यांनीच सिद्ध करायचं. आणि सरकारी नकाशावर शेरा होता: 'वस्ती नाही.' खाली सही मोजणीदारांची.

"मोजणीच्या वेळी तुम्ही कुठे उतरला होतात?" वकीलबाईंनी विचारलं.

"तंबूत."

"तंबूत आठ दिवस," थोरली म्हणाली. "मग ताप चढला. पुढचे अकरा दिवस माझ्या घरात. माझ्याच घरात झोपलास आणि लिहिलंस, घर नाही."

खरं तर आधी त्यांनी तसं लिहिलंच नव्हतं. मोजणीवहीत त्यांनी तेवीस घरं, दोन झरे आणि खालच्या उतारावरची दफनाची जागा स्वच्छ नोंदवली होती. पण साहेब म्हणाले, "झोपड्या कसल्या मोजतोस? मार शेरा." नोकरी तात्पुरती, लग्न नवं. त्यांनी शेरा मारला. वही तेवढी जमा केली नाही, हरवली म्हणून सांगितलं. का, ते त्यांनाही कधी कळलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जावई त्याच खात्यात होता.

"बाबा, यांचं प्रमोशन तोंडावर आलंय. कोर्टात आठवत नाही म्हणा ना. तुमच्या वयाला शोभेलसुद्धा."

"विसरलो असतो तर बरंच झालं असतं गं."

तिने फोन ठेवून दिला.

कोर्टात कंपनीच्या वकिलाने त्यांना सोलून काढलं. "म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

मागे कोणीतरी हसलं. मोजणीदारांनी कठडा घट्ट धरला. "तेव्हा खोटं लिहिलं आणि नोकरीत कायम झालो. आज खरं बोलून मला काय मिळणार आहे, ते तुम्हीच सांगा."

न्यायाधीशांनी त्यांनी सोबत आणलेली जुनी मोजणीवही मागून घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिले.

निकाल तीन महिन्यांनी लागला. शेरा रद्द झाला, खोदकाम थांबलं, फेरमोजणीचा हुकूम निघाला. पण खटला चालू असताना खालचा उतार खणून झाला होता. त्यात एक झरा गेला आणि दफनाची जागाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर लोक वकीलबाईंभोवती जमले. थोरली मात्र बाजूला बसून होती. मोजणीदार तिच्याजवळ गेले.

"मला माफ करा."

"माझी आई होती त्या उतारात," ती म्हणाली. "मी माफ केलं तर ती जागेवर येईल का?" मग काठीवर भार देऊन उठली. "फेरमोजणीला मात्र ये. या नव्या पोरांना खुणा कळायच्या नाहीत."

दरम्यान जावयाची बदली झाली होती. लांब, आडगावी. कारण कागदावर काहीच नव्हतं.

फेरमोजणीच्या दिवशी मोजणीदार गुडघ्यांना पट्टे बांधून डोंगर चढले. थोरली पुढे चालत एकेक जागा दाखवत होती. ते वही पाहून मान डोलवत होते. एका घसरणीवर त्यांचा पाय सटकला, तेव्हा तिने कोपर धरलं, तोल सावरला आणि पुन्हा पुढे निघाली.

खाली उतरल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. तिने कट केला. जीप निघायला अजून अवकाश होता. त्यांनी परत लावला.