बेटावरची दुपार

पत्र आलं तेव्हा हिराला जाऊन नऊ महिने झाले होते, आणि पत्र हिराच्याच नावावर होतं.

जागृतीने ते पोस्टमनकडून घेतलं आणि उंबऱ्यातच फोडलं. तिच्या वडिलांचं, पंढरीचं पत्र. तीन वर्षांपूर्वी तो गुजरातेतल्या ओख्याच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. समुद्रातली कुणालाही न दिसणारी रेघ बोटीने ओलांडली, आणि सगळे खलाशी पलीकडच्या देशाच्या तुरुंगात गेले. तिथून त्यांच्या गावी, नवापूरला, पत्र यायला तीन-चार महिने लागत. इथून जायलाही तेवढेच.

हिराला, तिच्या आईला, लिहिता येत नसे. ती सांगायची आणि जागृती लिहायची. गेल्या श्रावणात तीन दिवसांच्या तापाने हिरा गेली. तेराव्यानंतर जागृती पत्र लिहायला बसली, पण ते एक वाक्य तिच्या हातून उतरेना. शेवटी तिने आईच्या नावाने खुशाली लिहून टाकली. अक्षर तेच होतं. पुढे मकरसंक्रांतीच्या सुमाराला बाबांच्या बराकीतला कैलास आजारी म्हणून सुटून आला, आणि त्याने तिला आवारात बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या आयशीचं कळवू नको. आमच्यातल्या एकाची आयस गेली तसं पत्र आलं. त्यानं ताट भिंतीकडं सरकवलं ते सरकवलं. एकवीस दिवसांत गेला. तुझा बापूस आधीच अर्धा झालाय." मग जागृतीने आईच्या नावाने दुसरंही पत्र पाठवलं.

आताच्या पत्रात पंढरीने चारच ओळी लिहिल्या होत्या. "हिरा, मी बरा हाय. झोप येत नाय तवा डोळे मिटून आपल्या बेटावर जातो. पण आता ओळीनं आठवत नाय. पयलं काय करायचो, मंग काय, समदं लिवून पाठव. घाई कर."

ते 'घाई कर' तिने पुन्हा वाचलं. ज्याला जेवणखाण, औषध, सुटका यांतलं काहीच मागायचं नाही आणि बेट तेवढं मागायचं आहे, तो माणूस कशाच्या काठाला आला असेल?

आणि तिला बेटाचं काहीच ठाऊक नव्हतं. दर वर्षी वैशाखाच्या अवसेला आईबाबा तिला आत्याकडे टाकून पहाटे ओहोटीच्या पाण्यातून चालत तिकडे जायचे आणि संध्याकाळी करपलेल्या तोंडांनी परतायचे. लहानपणी ती हट्ट धरायची. आई म्हणायची, "काय हाय तिकडं? दगडं." मोठी झाल्यावर विचारायची लाज वाटली. बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागल्यावर तर तिने त्या बेटाकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

चार दिवस ती कागद पुढे घेऊन बसली. मग मैनाबाईकडे गेली. मैनाबाई आईची जन्माची मैत्रीण, बाजारात दोघींच्या मासळीच्या पाट्या शेजारी शेजारी. ती बांबूंवर बोंबील उलटे करत होती.

"मावशी, आईबाबा बेटावर काय करायचे?"

मैनाबाईचा हात थांबला. "नवराबायको बेटावर काय करतात ते पोरीनं विचारायचं? कलियुग आलं म्हणायचं."

"मावशी, थट्टा नको." जागृतीने पत्र वाचून दाखवलं.

मैनाबाईने ते दोनदा वाचायला लावलं. मग पदराने हात पुसले. "परवा अवस हाय. चल. मी एकदा गेलेली त्यांच्यासंगं, लग्नाच्या पयल्या साली. मला काय म्हाईत, म्हटलं दोघं कालवं फोडायला चाललीत. दिवसभर अडकले ना त्यांच्या मदी!"

अवसेला उजाडता उजाडता दोघी निघाल्या. गुडघाभर पाणी, खाली चिखल, मग धारदार खडक. बेट म्हणजे वाळूचा एक उंचवटा, भोवती कालवांच्या शिंपल्यांनी माखलेले दगड आणि एका अंगाला वाढ खुंटलेलं तिवराचं झुडूप. झुडपात प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. जागृती कडेकडेने सगळं फिरून आली, दोनदा. एखादी चूल, एखादी खूण, दगडावर काहीतरी. काही नव्हतं. दोन माणसं वीस वर्षं इथे येत होती आणि समुद्राने त्याचा मागमूस ठेवला नव्हता.

"पाणी चढतंय मावशी. परत जायचं तर आत्ताच."

"बस. तेच तर असायचं. एकदा पाणी चढलं की सांजेपर्यंत कोणी हाक मारायला येऊ शकत नाय. ना सासू, ना गिऱ्हाईक. म्हणून यायची ती."

मग मैनाबाईने आठवत आठवत सांगितलं. आल्या आल्या हिरा गावाकडे पाठ करून बसायची. घरं, तो अणुशक्तीचा कारखाना, वाळवणीचे बांबू, यांतलं काहीच दिसायला नको. मग सकाळी सातलाच दुपारची भाकरी काढून दोघं संपवायची. आणि मग हिरा झोपायची.

"झोपायची?"

"अगं, बारा महिने तीनला उठणारी बाई ती! बोईसरच्या बाजारात जागा मिळायला पायजे ना. इथं आडवी झाली की घोरायची. आणि तुझा बापूस दोन वल्ह्यांवर ताडपत्री बांधून सावली धरायचा. ऊन सरकलं की वल्ही सरकवायचा. मी म्हटलं, अरे, रोव आणि बस. तर म्हणतो, वाळूत रवत नाय वहिनी. तासन् तास धरून उभा."

जागृतीच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं आणि तिला ते सोसेना. तिने पिशवीतून वही काढली. गावाकडे पाठ. भाकरी. झोप. सावली.

"मग?"

"मंग ती उठली की कालवं. तो फोडून द्यायचा, ती लिंबू पिळायची. कच्चीच."

"मग? दुपारी?"

"दुपारी मी शहाण्यासारखी त्या टोकाला जाऊन बसले. ते त्यांचं त्यांना म्हाईत."

जागृतीने तेवढी जागा कोरी सोडली. चौफेर पाणी झालं होतं. ऊन तापायला लागलं तशा दोघी तिवराच्या तुटपुंज्या सावलीत सरकल्या. मैनाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "तू पाठवलीस ती पत्रं कशी लिवलीस?"

"आई सांगायची तशीच."

"सांग ना, काय लिवलंस."

"आम्ही ठीक आहोत. तब्येतीला जपा. काळजी करू नका. वेळेवर जेवा."

"आणि शिव्या?"

जागृतीने तिच्याकडे पाहिलं.

"हिरानं या जन्मात नवऱ्याला शिवी घातल्याबिगर निरोप धाडलाय? मेल्या, कुठं तडमडलास, माझं मढं बघायला तरी ये, अशी बोलायची ती. तूच लिवायचीस ना नाक मुरडून? आणि आता पत्र पोचलं, त्यात वेळेवर जेवा!" मैनाबाईने तिचा दंड धरला. "बाय गं, पंढरी बेट विसरेल? ज्यानं ताडपत्री धरली तो विसरेल? त्याला समदं आठवतंय. तो बघतोय, हिरा हाय का नाय."

आईला मऊ, समजूतदार करून लिहिताना तिला बरं वाटलं होतं. गेलेल्या माणसाला शिवी देताना दाखवायचं कसं, असं वाटलं होतं.

आता काय लिहायचं? वहीत जमलं होतं तेवढ्यावर ती अजूनही हिरा होऊ शकत होती. चार शिव्या घालून सगळं ओळीनं लिहिलं तर कदाचित तो मानेलही. नाही मानलं तर? कोरी राहिलेली दुपार त्याला लगेच दिसेल. खरं लिहिलं, तर ते भिंतीकडे सरकवलेलं ताट. ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. पळून जायलाही वाट नव्हती. पाणी अजून चार तास उतरणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. हे पत्र लिहिलं तेव्हा त्याच्या मनात संशय होताच. संशय मनात घेऊन तो कागद मागून आणत होता, कुणाकडून पेन घेत होता, सात-आठ महिन्यांनी येणाऱ्या उत्तराची वाट पाहायला तयार होता. म्हणजे तोवर तरी तो जेवत होता. पण त्या अंधारात तो एकटाच होता, आणि ती इथून त्याला वेळेवर जेवा म्हणत होती.

तिने नवं पान काढलं.

"बाबा," तिने लिहिलं, "आई गेली. श्रावणात, तापाने. तीन दिवसच लागले. मी तुला खोटं लिहिलं, कारण मला भीती वाटली. अजून वाटते. आज अवस आहे आणि मी मैनामावशीबरोबर बेटावर बसून लिहिते आहे."

पुढे तिने ओळीनं लिहिलं. गावाकडे पाठ, सातची भाकरी, आईचं घोरणं, वल्ही, ताडपत्री, लिंबू. मग थांबली. हाताखाली घामाने कागद ओलसर झाला होता.

"कालवं खाऊन झाल्यावर तुम्ही काय करायचात ते मावशीला माहीत नाही. आईने मला कधी सांगितलं नाही. आता ते फक्त तुझ्यापाशी आहे. तू नाही लिहिलंस तर ते कुणालाच कळणार नाही. सगळं एकदम लिहू नको. थोडं थोडं लिही. मी वाट पाहते."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने ते बोईसरच्या पोस्टात दिलं. कारकुनाने पत्ता वाचला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोहोचेल तेव्हा पोहोचेल. चालेल ना?"

ती म्हणाली, "हो." आणि बाहेर येऊन, शिफ्टची वेळ होऊन गेली तरी, बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिली.