अध्यक्षांची बांधी

मूल शहराहून आमच्या गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. तळं एकच, पाणी एकच. मध्ये धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला की ही बांधी याची, ती त्याची. मी वाचनालयात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, आणि कंटेनर म्हणजे काय हे सांगायला मला याहून सोपं काही सापडलं नाही.

आमच्याकडे धड कॉम्प्युटर एकच आहे. ते तळं. त्याच्यावर लिनक्स या प्रणालीचा एकच गाभा चालतो. त्या गाभ्यावर धुरे घालून आम्ही कंटेनर केले आणि प्रत्येकाला एक जुना पडदा जोडून दिला. प्रत्येक कंटेनरच्या आत अख्खं लिनक्स: आपल्या फायली, आपले प्रोग्राम, आपला रूट, म्हणजे धनी. आत बसलेल्याला वाटतं, सगळा कॉम्प्युटर आपलाच. शहरात एका कॉम्प्युटरच्या पोटात गाभ्यासकट दुसरा कॉम्प्युटर उभा करतात. ते म्हणजे बांधीगणिक विहीर खणणं झालं. आमच्या डब्यात तेवढं बळ नाही.

पोरं कंटेनर म्हणत नाहीत, बांधीच म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना आपापली बांधी मोडायला लावतो. न विचारता सगळं पुसणारी एक आज्ञा आहे, ती देतात, पडदा मरतो, शेजाऱ्याचा चालू राहतो. मग मी आधी ठेवलेल्या नकलेवरून चहा निवायच्या आत नवी बांधी उभी करतो. तिथून पुढे पोरं कॉम्प्युटरला भीत नाहीत.

या पोरांत दामिनी नववीतली, ढिवराची, म्हणजे मासेमाराच्या घरची. तिने तळ्यातल्या मासोळ्यांची चित्रं काढली आणि प्रत्येकीवर आजीचा, ताराबाईचा, आवाज बसवला. मरळीवर बोट ठेवलं की ताराबाई सांगते, ही पाणी उतरल्यावर कुठी लपते. काम इतकं चांगलं झालं की वाचनालयाच्या समितीच्या सभेत ताराबाईसमोरच ठरलं: गडचिरोलीला पोरांच्या कॉम्प्युटरवरच्या कामांचा मेळावा भरतो, तिथे आमच्याकडून दामिनी जाईल. एका वाचनालयातून एकच काम जातं.

समितीचे अध्यक्ष शालिकरामभाऊ. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना चाव्या लागतात. वाचनालयाची चावी त्यांच्याकडे, नाटक मंडळाच्या पेटीची त्यांच्याकडे, तळ्यातून पाणी सोडायच्या तुडुमाचं दार उघडायचं तरी आधी त्यांच्या अंगणात जावं लागतं. एके दिवशी ते आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "गुरुजी, या मशीनची मेन चावी कोणापाशी हाय?"

"माझ्यापाशी, भाऊ."

"काऊन? अध्यक्ष कोण हाय?"

मी त्यांना तळं समजावलं, धुरे समजावले. मुलांना समजावतो तितक्याच सावकाश.

"मले शाळा नोका शिकवू. मले अशी जागा द्या का मी म्हनन ते झालं पायजे. कोनी नाई म्हटलं नाई पायजे."

अशी जागा देणं तर आमचं रोजचंच काम. मी दामिनीकडे पाहिलं. तिने आपल्याच बांधीची नक्कल काढली, तिला 'अध्यक्ष' नाव दिलं आणि पडदा भाऊंकडे वळवला.

"ही तुमची बांधी, काकाजी. इथी तुमी रूट."

"रूट म्हंजे?"

"धनी. इथी तुम्हाले कोनीच नाई म्हनत नाई."

"इथी" हा शब्द तिने दोनदा म्हटला. भाऊंनी तो एकदाही ऐकला नाही.

त्यांचं राज्य थाटात सुरू झालं. पडद्यावर स्वतःचा फेट्यातला फोटो लागला. मग त्यांनी गावातल्या विरोधकांच्या नावाची खाती उघडली आणि एकेक बंद केली. रामाजीचं खातं तर चारदा उघडलं, चारदा बंद केलं. बाहेर रामाजी बांधावर बसून तंबाखूचा खर्रा घोटत होता. त्याला काहीच झालं नाही. मी रोज संध्याकाळी सगळ्या बांध्यांच्या नकला ठेवतो. भाऊंनी त्यांच्या बांधीपुरती मनाई केली.

"अध्यक्षाच्या वस्तूची नक्कल नाई झाली पायजे."

मी बरं म्हटलं.

मेळावा जवळ आला तसा भाऊंना तिथे पाठवायला आपला मुलगा आठवला. मिथुनला त्यांनी एक काम करायला लावलं होतं: भाऊंच्या सत्कारांचे फोटो एकामागून एक येतात आणि मागे सनई वाजते. नाव, 'आमच्या गावचा विकास'. ते कोणी चोरू नये म्हणून ठेवलं होतं बापाच्या बांधीत. पोरगा मुकाट्याने करत होता. सभेत ठरलेलं ताराबाईच्या तोंडावर फिरवायची हिंमत भाऊंमध्ये नव्हती. पण दामिनीचं कामच उरलं नाही तर कोण काय करणार?

शनिवारी दुपारी पोरं बसलेली असताना ते आले. आपल्या बांधीत शिरून त्यांनी 'मासोळ्या' नावाचं दप्तर, म्हणजे फोल्डर, शोधलं आणि पुसायला घेतलं. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं का?

"पाहा गुरुजी, हे मलेच विचारून राह्यलं."

"सगळ्यांनाच विचारतं, भाऊ."

"मी सगळ्यांतला होय का?" ते पोरांतल्या निकेशकडे वळले. "काय बे, तुमी पोट्टे ते न विचारता पुसता, ते कसं?"

निकेश हुशार पोरगा, विचारलेलं सांगतो. त्याने आज्ञा सांगितली. भाऊ एकेक अक्षर शोधून टाइप करू लागले. दामिनी उठून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

मी म्हणालो, "भाऊ, ही आज्ञा मासोळ्यांपुरती नाही. तुमची अख्खी बांधी साफ होईल. दामिनीचं काम तिच्या बांधीत आहे, तुमच्याकडे नुसती नक्कल आहे. आणि मिथुनचं तुमच्याकडेच आहे."

"मले भेव नोका दाखवू. गावातल्या साऱ्या चाव्या मी सांभाळतो."

"बाबा, गुरुजी खरं सांगून राह्यले," मिथुन म्हणाला.

"तू चूप बस. तुझ्यासाठीच करून राह्यलो."

आणि त्यांनी बटण दाबलं. कोणी काही विचारलं नाही. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. भाऊंनी विजयाने हात झटकले, मग 'विकास' उघडायला गेले. उघडेना. मिथुनने पुढे होऊन दुसरी आज्ञा दिली, तिसरी दिली. प्रत्येकीला एकच उत्तर: अशी आज्ञा सापडली नाही. राज्यात काही उरलं नव्हतं. मागे फेट्यातला फोटो तेवढा होता, कारण तो आधीच पडद्यावर चढला होता.

दामिनी आपल्या जागी गेली. तिने शिंगी मासोळीच्या चित्रावर बोट ठेवलं. ताराबाईचा आवाज खोलीभर झाला: "हिले हात लावू नोको बापू, काटा मारते."

पोरं हसली नाहीत. हसली असती तर भाऊंना सोपं गेलं असतं.

"नक्कल असन ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तुमची मनाई होती."

दामिनी सोमवारच्या एसटीने ताराबाईला घेऊन गडचिरोलीला गेली. मेळाव्यात लोकांनी म्हाताऱ्या बाईलाच घेरलं आणि तिने पडद्यावर आहे त्याच्या दुप्पट सांगितलं. त्या दोघी परत आल्यावर भाऊंनी सभेत भाषण केलं. मुलीला संधी देणं हा आपला जुनाच विचार होता, म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी नवी बांधी मागितली.

मी चहा निवायच्या आत उभी केली. ते आता तिथे रोज बसतात. रामाजीचं खातं पुन्हा उघडलं आहे.

मिथुनही आला. त्याने स्वतःची वेगळी बांधी मागितली, आणि दामिनी ती बनवत असताना तिला विचारलं,

"यात बाबाले येता येते का?"

"नाई," दामिनी म्हणाली. "ते फक्त त्यांच्या बांधीत धनी."

त्याने खुर्ची जवळ ओढली. "मंग धुरा जरा उंच घाल," म्हणाला.